भुताची उलटतपासणी



चित्रपटाविषयी बोलायचे म्हटले की आपण नटांविषयी बोलतो, गाण्यांविषयी बोलतो. मी आज एका भुताविषयी आणि एका कोर्टाविषयी बोलणार आहे. माझ्या सर्वांत आवडत्या चित्रपटात ही दोन्ही आहेत. तो चित्रपट म्हणजे राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला 'पाठलाग'. १९६४ साली तो पडद्यावर आला. त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता. मी तो पाहिला शाळकरी वयात, शेजाऱ्यांच्या ओसरीवर मांडलेल्या दूरदर्शन संचावर, चाळीसएक माणसांच्या गर्दीत बसून. पुढे महाविद्यालयात शिकवू लागलो, तेव्हा पुन्हा पाहिला. आणि दर वेळी मला त्यात काही नवे सापडत गेले.

जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. डॉ. काशिनाथ घाणेकर त्यात नायक आहेत आणि भावना नायिका. कथा थोडक्यात सांगतो. एक नामांकित वकील आहे. त्याची पत्नी आशा. तिच्यावर त्याचे जिवापाड प्रेम. ती त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. तो स्वतःच्या हाताने तिला अग्नी देतो. घर ओके ओके होते. आणि मग त्या रिकाम्या घरात तिचा सूर ऐकू येऊ लागतो. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल आणि आशा भोसले यांचा आवाज. ते गाणे काळोखातून येते तेव्हा अंगावर काटा उभा राहतो. गेलेली बायको पाठ सोडत नाही, असे त्या बिचाऱ्याला वाटू लागते. चित्रपटाचे नाव 'पाठलाग' आहे ते त्यामुळेच.

इथपर्यंत ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे. गावागावांत अशा गोष्टी सांगतात. अमक्याची बायको बाळंतपणात गेली आणि अमावास्येला विहिरीवर दिसली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण 'पाठलाग' इथे थांबत नाही. पोलीस एका स्त्रीला पकडतात. तिच्यावर गुन्हेगारांच्या टोळीत असल्याचा आरोप असतो. आणि ती स्त्री हुबेहूब आशासारखी दिसते! ती म्हणते, "मी तुमची आशाच आहे. मला ओळखा." ज्याने बायकोची चिता पेटवली, त्याच्यासमोर तीच बायको पिंजऱ्यात उभी राहून ओळख मागते आहे. आता ही कोण? भूत म्हणावे, तर हिला बेड्या कशा घालता येतात? माणूस म्हणावे, तर मग चितेवर कोण जळले?

इथे राजा परांजपे यांनी जे केले, त्यासाठी मला हा चित्रपट आवडतो. त्यांनी हा प्रश्न मांत्रिकाकडे नेला नाही, स्मशानात नेला नाही. तो कोर्टात नेला. जिच्या आठवणीने वकील रात्र रात्र तळमळत होता, तिच्यासारखीच दिसणारी ही बाई भर दुपारी, चारचौघांत, न्यायाधीशांसमोर उभी राहते आणि तिला प्रश्न विचारले जातात. घरातल्या खाणाखुणा काय? अमुक दिवशी काय घडले? ती उत्तरे देते. एकेक उत्तर अचूक येते आणि विचारणाराच घामाघूम होतो. रात्रीच्या गाण्याने आपल्याला जेवढी भीती वाटली नाही, तेवढी या सवालजवाबांनी वाटते. मात्र ही भीती निराळी असते. रात्री आपल्याला पळून जावेसे वाटते. कोर्टात मात्र पुढे सरकून बसावेसे वाटते, कारण आता कळणार असते.

चित्रपटाला साठ वर्षे उलटून गेली आहेत, तेव्हा शेवट सांगायला हरकत नाही. भूत कोठेच नव्हते. एक जुळी बहीण होती, जिच्याविषयी नवऱ्याला कधी सांगितलेलेच नव्हते. चितेवर गेली ती बहीण आणि पिंजऱ्यात उभी होती ती खरी पत्नी. म्हणजे पाहा, ज्याला आपण भूत समजत होतो, ती प्रत्यक्षात घरात दडवलेली एक गोष्ट होती. माझा अनुभव असा, की गावातली पुष्कळ भुते याच जातीची असतात. कोणी तरी काही तरी लपवलेले असते, आणि त्या रिकाम्या जागी भूत येऊन बसते.

ही कथा पुढे १९६५ साली 'इदय कमलम्' या नावाने तमिळ पडद्यावर आणि १९६६ साली राज खोसला यांच्या 'मेरा साया'मधून हिंदीत गेली. सुनील दत्त आणि साधना यांचा तो चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो मुळात मराठी आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आणखी मागे जायचे, तर १९४९ साली बॉम्बे टॉकीजने 'महल' काढला होता. कमाल अमरोही यांचा तो चित्रपट. अशोककुमार आणि मधुबाला. जुना वाडा, मध्यरात्रीचे गाणे, पांढऱ्या वस्त्रातली स्त्री. त्या भुताचाही उलगडा होतो तो कोर्टातच. नायकावर बायकोला विष घातल्याचा खटला चालतो आणि त्या खटल्यात वाड्यातल्या माळ्याच्या मुलीला उभे राहून सांगावे लागते, की भूत म्हणून फिरत होते ते मीच. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि बिचारीचे भूतपण गळून पडले!

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे पडद्यावरचे झाले. आमच्या भंडारा जिल्ह्याला त्याचे काय? पण कोर्टाचा प्रवेश आपल्या झाडीपट्टीला काही परका नाही. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला, गावात शंकरपट भरला, की रात्री नाटक असतेच. वडश्याच्या कंपन्या येतात. मंडपात धानाची तणस अंथरून माणसे थंडीत पहाटेपर्यंत बसतात. त्या नाटकांत कोर्टाचा प्रवेश आला की मंडप कसा चिडीचूप होतो, ते तुम्ही पाहिले आहे. मघापर्यंत विनोदी नटाला शिट्ट्या घालणारी पोरेही गप्प होतात. का बरे? कारण आपल्या माणसाला न्यायाची भूक आहे. कोणी तरी दोन्ही बाजू ऐकून घेणार आहे, आणि खोटे बोलणारा आता पकडला जाणार आहे, या आशेने तो कान टवकारतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की हीच भूक आपण भुताच्या बाबतीतही जागी ठेवावी.

कोर्टाचा एक जुना नियम आहे. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यात तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. साक्षीदाराने जे पाहिले म्हणून सांगायचे, ते त्याने स्वतः पाहिलेले असले पाहिजे. जे ऐकले म्हणून सांगायचे, ते स्वतः ऐकलेले असले पाहिजे. दुसऱ्याने पाहिले आणि मला सांगितले, ही साक्ष सहसा चालत नाही. आता या नियमाने गावच्या भुताची साक्ष काढून बघा. "का हो काका, तळ्याच्या पाळीवर भूत पाहिलं तुम्ही?" "मी नाही पाह्यलं जी, आमच्या मोठ्या बापानं पाह्यलं होतं." मोठा बाप हयात असला, तर तो म्हणतो, "मले तं कोतवालानं सांगतलं." आणि कोतवाल वारून वीस वर्षे झालेली! माझी वाडवडिलांची टिंगल करण्याची इच्छा नाही. त्यांच्याकडे वीज नव्हती, दवाखाना नव्हता. भोवती रान होते आणि रानात वाघ होता. त्यांच्या भीतीला कारण होते. पण आपण त्यांची शेती सुधारली, बियाणे बदलले. मग त्यांची भीती मात्र जशीच्या तशी का पेरत राहावे?

भीती निरुपद्रवी असती, तर मी हा विषय घेतला नसता. खऱ्या कोर्टात गेलेली एक खरी हकीकत सांगतो. ओरिसातली आहे. त्या राज्याला आता ओडिशा म्हणतात. रासगोविंदपूर येथे महायुद्धाच्या काळातला एक विमानतळ ओसाड पडला होता. तिथे भुते आहेत, अशी आसपासच्या खेड्यांत समजूत. १९५८ सालच्या उन्हाळ्यात कलकत्त्याचा एक व्यापारी तिथले भंगार विकत घ्यायला आला. बरोबर त्याचा नेपाळी नोकर होता. एका रात्री, भुते बघू या म्हणून, ही मंडळी बाहेर पडली. वारा सुटला होता. दूर एक दिवा लुकलुकत होता आणि त्याच्याभोवती काही आकृत्या हलत होत्या. भुते नाचताहेत असे सगळ्यांनाच वाटले. नोकर खुकरी उपसून धावला आणि त्याने त्या आकृत्यांवर सपासप वार केले. किंकाळ्या उठल्या. त्या बायकांच्या किंकाळ्या होत्या.

श्रोतेहो, त्या कोण होत्या, सांगू? त्या जवळपासच्या गावातल्या आदिवासी बाया होत्या. मोहाच्या झाडाखाली कंदील ठेवून त्या मोहफुले वेचत होत्या. एक बाई जागीच गेली. दोघी गंभीर जखमी झाल्या.

आपल्या भागात मोह म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. फाल्गुन-चैत्रात तांबडे फुटायच्या आधी आपल्या आया-बहिणी टोपली आणि कंदील घेऊन मोहाखाली जातात. आता कंदिलाच्या जागी बॅटरी आली असेल. जरा विचार करा. दुरून पाहणाऱ्याला तो दिवा आणि ती हलणारी सावली काय वाटेल? आपली आई आपल्याला आई दिसते. पण भीतीने भारलेल्या माणसाला ती काहीही दिसू शकते.

त्या नोकरावर खुनाचा खटला झाला. खालच्या कोर्टाने त्याला सोडले. सरकारने हायकोर्टात अपील केले. सरकारी वकिलाचा एक मुद्दा असा होता, की आरोपीच्या हातात बॅटरी होती. ती पेटवून त्याने आधी पाहायला हवे होते. हायकोर्टाने त्याची सुटका कायम केली. १९६० सालच्या निकालपत्रांत हा निकाल छापलेला आहे आणि कायद्याचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात. भुते असतात, असे हायकोर्टाने म्हटलेले नाही, हे नीट ध्यानात घ्या. प्रश्न एवढाच होता, की या माणसाने प्रामाणिक गैरसमजातून वार केले की जाणूनबुजून माणूस मारले? गैरसमज प्रामाणिक होता, म्हणून तो सुटला. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच म्हणावा लागेल. पण मोहाखाली मरून पडलेली बाई त्याने परत आली नाही. मला त्या निकालातली बॅटरी विसरता येत नाही. ती हातात होती. बोट दाबायचा अवकाश होता.

असाच दुसरा एक खटला जर्मनीतला. तिथल्या एका तरुण विद्यार्थिनीला झटके येत असत. डॉक्टरांनी अपस्माराचे निदान केले होते, औषधेही चालू होती. पुढे तिला सैतानाने पछाडले आहे, असे तिच्या घरच्यांचे मत झाले. ती स्वतःही तसेच म्हणू लागली. १९७५ आणि १९७६ या साली, सुमारे दहा महिन्यांत, दोन धर्मगुरूंनी तिच्यावर सदुसष्ट वेळा उतारा केला. तिने अन्न सोडले. १ जुलै १९७६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ती उपासमारीने गेली. १९७८ साली कोर्टाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवले आणि सहा महिन्यांची शिक्षा दिली. ती स्थगित ठेवली. या हकीकतीवरून २००५ साली अमेरिकेत एक इंग्रजी चित्रपट निघाला. त्यातही अर्धा वेळ कोर्ट आणि अर्धा वेळ भुताटकी. चित्रपट चांगला भीतिदायक आहे. सैतान की आजार, याचा निकाल तो प्रेक्षकावर सोपवतो. करमणुकीपुरते ते ठीक. पण ज्या घरात खरोखर झटके येणारी मुलगी आहे, त्या घराला असा अधांतरी निकाल परवडणारा नाही. तिथे फिट आली की डॉक्टर गाठायचा असतो.

हे मी परदेशाचे सांगतो आहे. पण "पोरीला बाहेरचं लागलं" हे वाक्य आपल्याला नवे आहे का? धानाच्या बांधीत सर्पदंश झाला की आधी मांत्रिक आणि तो हरल्यावर दवाखाना, हा क्रम आपल्याकडे अजून पुरता मोडलेला नाही. आणि सर्वांत वाईट गोष्ट याच्याही पुढे आहे. गावात दोन गुरे दगावली, एक लेकरू तापाने गेले, की कोणाचे तरी बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळते. बहुधा ती विधवा असते, म्हातारी असते. तिच्या पाठीशी उभा राहील असा माणूस नसतो. कधी कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडाही असतो, हे विसरू नका. "हिनंच केलं" असे ठरते. तिला कोणी विचारत नाही. साक्ष नाही, पुरावा नाही, उलटतपासणी नाही. आधी शिक्षा सुरू होते.

'पाठलाग'मधल्या त्या स्त्रीची आठवण मला इथे होते. सगळे जग तिला म्हणत होते, की तू ती नव्हेस. तू खोटी आहेस, तू गुन्हेगार आहेस. पण निदान तिला एक पिंजरा मिळाला, ज्यात उभे राहून तिला आपले म्हणणे मांडता आले. आरोपीचा पिंजरा आपण अपमानाचा समजतो. पण ज्या बाईला गावाने चेटकीण ठरवले आहे, तिला तोही मिळत नाही. तिचे म्हणणे ऐकून घेणारी जागाच गावात नसते.

ती जागा महाराष्ट्राने कायद्याने निर्माण केली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे झीज सोसली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याचे नाव लांबलचक आहे. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणे, मारणे, चटके देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने जनावरांचे दूध आटवतो, रोग पसरवतो, असे ठरवून त्याचे जगणे कठीण करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. तुमची पूजा, तुमची भजने, तुमची पंढरीची वारी यांना हा कायदा हात लावत नाही. देव माना, जरूर माना. पण देवाच्या नावाने शेजारणीच्या अंगाला हात लावू नका.

तरी कायदा ठाण्यात असतो आणि भीती घरात असते. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक छोटासा उपक्रम सुचवतो. पावसाळ्यात एखाद्या दिवशी हजेरी कमी असली, की मुलांना म्हणावे, आज भुताच्या गोष्टी सांगा. मुलांना यापेक्षा आवडते दुसरे काही नाही. गोष्ट पूर्ण सांगू द्यावी. हसू नये, दटावू नये. नाहीतर ती पुन्हा तुमच्याजवळ बोलणार नाहीत. मग वर्गातच कोर्ट मांडावे. एक न्यायाधीश, दोन वकील, एक साक्षीदार. आणि तीन प्रश्न विचारावेत. हे तू स्वतः पाहिलेस का? त्या वेळी उजेड किती होता? जे दिसले ते दुसरे काय असू शकेल? दुसरे काय असू शकेल, याची यादी मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. तळ्यावर जाळे टाकायला गेलेल्या धीवराचा कंदील, घुबडाचे डोळे, वाऱ्यावर वाळत घातलेले धोतर, मोहाखालची आई. भूत नाही, असे तुम्ही सांगायची गरज पडणार नाही. मुले हसत हसत त्याला पिंजऱ्यातून बाहेर काढतील.

आणि शेतकरी बंधूंना एवढेच सांगतो. उद्या गावात कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवले, तर तुम्ही पहिल्यांदा विचारा, "तू पाह्यलं का?" हा प्रश्न विचारायला वकिलाची सनद लागत नाही. गर्दीत एकाने जरी मोठ्याने विचारला, तरी दहा जण थबकतात. तेवढ्या वेळात पोलीस पाटलाला निरोप जातो, शिक्षकांना बोलावता येते, आजारी लेकराला दवाखान्याची वाट दाखवता येते.

रात्री बाहेर पडाल, दूर दिवा हलताना दिसेल, छाती धडधडेल. धडधडू द्या, तो मनुष्यस्वभाव आहे. पण हातातली बॅटरी आधी लावा. आणि "कोण आहे तिकडे?" असे विचारून उत्तराची वाट पाहा. बहुतेक वेळा उत्तर ओळखीच्या आवाजात येते.